खिडकीतलं डांगर

सिडको, नाशिक
४ ऑक्टोबर २०२५

श्री. खंडेराव यांस,

लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर तुमचं नाव आज पहिल्यांदा लिहिते आहे. 'अहो' म्हणून सुरुवात केली असती तर तुम्हाला वाटलं असतं, हिचा राग गेला. राग गेलेला नाही. आपला अबोला चालूच आहे, म्हणून तर फोन करत नाही. अबोल्यात लिहायला बंदी आहे असं मला कुणी सांगितलेलं नाही. पत्र शेजारच्या मीनाबरोबर देते. ती देवळाली कॅम्पात शाळेत शिकवायला जाते, आणि तिचा रस्ता तुमच्या बहिणीच्या दारावरूनच आहे.

कामाचं तेवढं लिहिते. सर्वपित्रीच्या दिवशी तुम्ही पिशवी भरून सुलाताईंकडे निघून गेलात, तेव्हा डांगराचा वेल स्वयंपाकघराच्या खिडकीशी पोचला होता. छाटा, छाटा म्हणून माझं तोंड दुखलं. तुम्ही काय म्हणालात? "घराचा कोपरान् कोपरा वापरात आला पाहिजे. ऊन फुकट आहे, भिंत फुकट आहे, खिडकी फुकट आहे. चढू दे." तो चढला. खिडकीच्या गजांमध्ये लिंबाएवढं डांगर धरलं होतं ना, ते आता घागरीएवढं झालंय. अर्धं बाहेर गल्लीत, अर्धं आत माझ्या ओट्यावर, आणि मधे गजांनी आवळल्यामुळे कंबर बारीक. ते आत येत नाही आणि बाहेरही जात नाही. खिडकी लागत नाही. मांजर त्याच्यावर बसून दुधाच्या पातेल्यावर लक्ष ठेवते. दिवाळीचं तळण काढायचं तर धूर कुठून जाणार?

चिरल्याशिवाय ते निघणार नाही. आणि अख्ख्या डांगराला बाईने सुरी लावायची नसते. आधी घरातल्या कर्त्या पुरुषाने पहिला घाव घालायचा, मग बाईने चिरायचं. सासूबाईंचा हा नियम तुम्हालाही पाठ आहे. तो मी मोडणार नाही.

तरी एखाद्या सकाळी यावं, सुरी टोचावी आणि पुढच्या बसने परत जावं. चहा मिळेल. बोलणं होणार नाही.

चांगुणा


देवळाली कॅम्प
६ ऑक्टोबर, कोजागिरी

चांगुणा,

पत्र मिळालं. डांगराचं निमित्त बरं शोधलंस. सरळ लिहायचं की परत या, तर तुझा ताठा आडवा आला.

मी येणार नाही. तुला आठवत नसेल तर आठवण करून देतो. एसटीच्या स्टँडवर मी अठ्ठावीस वर्षं माईकपुढे बसलो. मी बोललो की हजार माणसं माना वर करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार हे माझ्या तोंडून निघाल्याशिवाय माणूस जागचा हलत नव्हता. आणि तू? पित्रांची पंगत बसलेली, माझे मित्र समोर, माझ्या पानात खीर वाढता वाढता तू म्हणालीस, "तुमना काय उपयोग शे आते?" एरवी तुझी सटाण्याची बोली मला गोड लागते. त्या दिवशी मी पानावरून उठलो. मी निवृत्त झालोय, चांगुणा, निकामी झालेलो नाही.

इथे माझी किंमत आहे. सुली दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते, फौजी बायका तिच्याकडे रांग लावतात. तिचं स्वयंपाकघर मी हातात घेतलंय. कॅम्पात तोफखान्याचा सराव सुरू झाला की घर हादरतं, भांडी वाजतात. लोक कुरकुर करतात, मी उपयोग करून घेतो. भाजलेल्या शेंगदाण्यांची परात वरच्या फळीवर ठेवलीय. तोफ वाजली की सालं आपोआप सुटतात. वीज नाही, हात नाही, सरकारी खर्चाने काम. मेथी पंख्याच्या पात्यांना बांधून वाळवतोय. सुली थक्क झाली आहे.

डांगराचं म्हणशील तर गज वाकव आणि काढ. प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी स्वतः घ्यावी.

खंडेराव


सिडको, नाशिक
८ ऑक्टोबर

श्री. खंडेराव यांस,

गज वाकवायला मी काय पैलवान आहे? आणि तुमच्यावाचून जगात पुरुष नाहीत असंही नाही. म्हणून तुम्हाला बोलावणं रद्द करून मी दुसरे शोधले. त्याची हकीकत ऐका.

पहिला शेजारचा राजू. बिचारा लगेच आला. बाही वर सारली, सुरी उचलली, तेवढ्यात त्याची आशा पोट सावरत धावत आली. तिला सातवा लागलाय. "काकू, अहो पोटुशीच्या नवऱ्याने नारळसुद्धा फोडायचा नसतो, आणि तुम्ही त्याला डांगर चिरायला लावताय?" राजूने सुरी हातातून अशी टाकली की माझ्या पायाचा अंगठा वाचला तो नशिबाने. म्हणाला, "काकू, डिसेंबरात मोकळा होतो, मग येतो." डिसेंबरापर्यंत ते डांगर पाय फुटून देवघरात जाईल.

मग समोरचे पुंजाराम सर. निवृत्त हेडमास्तर आहेत, कशावर विश्वास नाही, त्यांना काय अडचण असणार, असं मला वाटलं. कुंपणापाशीच उभं राहून त्यांनी मला अर्धा तास भाषण दिलं. "चांगुणाबाई, जन्मभर मी अंधश्रद्धेविरुद्ध बोलत आलो. पुरुष म्हणून मी सुरी लावली तर या प्रथेला मान्यता दिल्यासारखं होईल. सुरी तुम्हीच लावा. मी टाळ्या वाजवायला येतो." म्हणजे ज्याचा विश्वास आहे त्याला चालत नाही, आणि ज्याचा नाही तो हात लावत नाही.

तिसरा दत्तू, गॅसवाला. सिलिंडर ठेवून तो डांगराकडे बघतच राहिला. मी सुरी पुढे केली तर दोन पावलं मागे सरला. "मावशी, मला माझं एक घर लय झालंय. काका हितं नाय, अन् मी सुरी लावली म्हंजे हितला कर्ता मीच ठरायचो. उद्या तुमी म्हणाल, दत्तू, गच्चीवरची टाकी धू." रिकामा सिलिंडर गडगडवत गेला, सुटे पैसेही घेतले नाहीत.

शेवटी मनालीला बंगळुरूला फोन केला. तुमची लेक तुमच्यावरच गेलीय. म्हणाली, "आई, सोपं आहे. जावई व्हिडिओ कॉलवर सुरी धरतील, त्याच क्षणी तू तिकडे घाव घाल, झालं!" जावईबापूंनी धरलीसुद्धा, पण ती पावाला लोणी लावायची. मी फोन ठेवला.

तेव्हा निरोप तोच आहे. या, टोचा, जा.

चांगुणा


देवळाली कॅम्प
१० ऑक्टोबर

चांगुणा,

बाकी सगळं राहू दे. आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. आपल्या घरात कोण आहे?

आज सकाळी मीना दारात उभी राहून मला बघून दचकली. म्हणाली, "काका, तुम्ही इथे कसे? तुम्ही तर घरी आलाय ना?" पुंजाराम सरांनी गल्लीभर सांगितलंय की खंडेराव परतले. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत टोपी घालून बसलेले असतात. सर फिरायला जाताना नमस्कार करतात. तो माणूस उत्तर देत नाही, पण सर म्हणाले, "खंडेराव फार निवळले आहेत, पूर्वीसारखी बडबड राहिली नाही." सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे मला माहीत आहे. पण टोपी त्यांनी नीट सांगितली. पांढरी, पुढे निळी पट्टी. निरोपसमारंभात मला मिळालेली.

मी इथे आहे. मग तिथे कोण बसलंय? राजूचं लिहिलंस, दत्तूचं लिहिलंस, या गृहस्थाबद्दल चकार शब्द नाही. आणि निवळलेला म्हणे!

तुझं ते 'या, टोचा, जा' मी पुन्हा पुन्हा वाचलं. बंद पडलेल्या गाडीला धक्का मारायला चार माणसं हाकारतात आणि गाडी सुरू झाली की त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत, तसं वाटलं. सुरी टोचून झाल्यावर माझं काय? सिलिंडरला दत्तू आहे, दिव्याला वायरमन आहे, बाजाराला तुझे पाय आहेत. मी सकाळी उठायचं आणि कुणाच्या वाटेत येणार नाही असा एक कोपरा शोधायचा. घराचा प्रत्येक कोपरा वापरात आणायची माझी धडपड तुला हसू आणते. पण त्यातला एक मला तरी मिळावा, एवढंच होतं ते.

मला एक काम सांग. त्या घरात फक्त मीच करू शकतो असं एकच काम. ते लिहिलंस तर त्या दिवशीच्या बसने येतो. नाही सापडलं तर मी इथेच बरा आहे.

आणि सुरीचं म्हणशील तर मी आता त्या घरचा पुरुष राहिलेलो नाही. माझ्या टोपीतल्या माणसाला सांग, नाहीतर खुशाल स्वतः चीर. मला काही फरक पडत नाही.

खंडेराव


देवळाली कॅम्प
१२ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुमच्याशी माझा काही अबोला नाही, पण फोन केला की दादा बाजूला येऊन उभा राहतो आणि माझी वाक्यं तोच पुरी करतो. म्हणून न्हाणीघरात बसून लिहिते आहे.

वहिनी, दादाला घेऊन जा. पाया पडते.

त्याने काय लिहिलं असेल मला माहीत आहे. सुली थक्क झाली आहे. झालेच आहे. परवा पंखा लावला तर घरभर मेथी उडाली, देवाच्या तसबिरीला चिकटली. लसूण सोलायला त्याने वॉशिंग मशीनमध्ये घातला. लसूण सोलला गेला, आता फौजी शेजारणीचं बेडशीट माझ्या मशीनमध्ये धुऊन दिलं तर लसणीच्या वासामुळे ते परत आलं. चकलीचा घाणा काढते तर हा दारात उभा राहून मोठ्याने पुकारतो, "फलाट क्रमांक एकवर येणारी चकली काही अपरिहार्य कारणास्तव दहा मिनिटं उशिराने धावत आहे!" गिऱ्हाइकं खरंच दहा मिनिटांनी येतात. ऑर्डरी निम्म्या झाल्या आहेत. आमचे हे गेल्यापासून या फराळावरच माझं वर्ष निघतं, तुम्हाला सांगायला नको.

आणि भाऊबीजेचं काय करायचं ते सांगा. भाऊबीजेला भाऊ यावा लागतो. हा आधीच इथे आहे. येणार कुठून? मी त्याला विचारलं तर म्हणाला, "मी मागच्या दाराने बाहेर जाऊन पुढच्या दाराने येईन." अशी भाऊबीज तुम्ही कुठे ऐकलीत का?

पण खरं सांगू? संध्याकाळी पाच वाजले की तो हातातलं काम टाकतो. फाटकाशी उभा राहतो. मीनाची नाशिकला परतायची बस पाचची.

तुमची
सुला


सिडको, नाशिक
१३ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

पत्र वाचून आधी पोटभर हसले, मग तुमची कीव आली. लसणाच्या बेडशीटबद्दल मी माफी मागते. माणूस आमच्या घरातला आहे.

तुमच्या भावाला टोपीतला माणूस कोण ते सांगू नका, मला त्यांची थोडी मजा बघू दे. तुम्हाला सांगते. डांगराच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर दुपारचं ऊन थेट पडतं. ते तडकलं असतं तर आतला सगळा गर ओट्यावर आला असता, म्हणून मी खुंटीवरची टोपी काढून त्याला घातली. बाहेरून गल्लीला वाटतं हे बसलेत. आणि आतून, वन्सं, कसं दिसतं सांगू? पाठमोरं. रुसून बसले की हे बसतात ना, अगदी तसं. आता मी पोळ्या लाटताना त्याच्याशी बोलते. परवा कांदा महाग झाला म्हणून त्यालाच झापलं. वेडी झाले असं समजू नका. घरात दुसरं कोणी नसलं की माणूस समोर जे असेल त्याच्याशी बोलतं.

आता मनातलं लिहिते. मी ह्यांना लिहिलं की सासूबाईंचा नियम मोडणार नाही. नियमाचं मला काय हो? तुमच्या आईचे नियम मी ढीग मोडलेत. चातुर्मासात मागच्या पडवीत बसून वांग्याचं भरीत खाल्लंय. पण डांगराचं सांगताना त्या एक वाक्य पुढे सांगायच्या, ते ह्यांना माहीत नाही, बायकांतलं आहे. अख्ख्या डांगराला बाईने सुरी लावली तर घरच्या पुरुषाच्या जिवावर येतं. खोटं असेल. पुंजाराम सर म्हणतात खोटंच आहे. पण सुरी हातात घेतली की हात धजत नाही. हे लिहितात, मला काही फरक पडत नाही. पडला तर?

पण आता थांबून चालणार नाही. डांगर कंबरेत मऊ पडायला लागलंय, चिलटं फिरतात. वसुबारसेच्या आत स्वयंपाकघर मोकळं व्हायला हवं. म्हणून ठरवलंय. बुधवारी सकाळी दहाला मी सुरी लावणार. ह्यांना काही बोलू नका. पण त्या वेळी त्यांना पलंगावर नुसतं बसवून ठेवा. जिना नको, गॅस नको, गच्ची तर नाहीच नाही. पंख्याखाली नको. तोंडात काही देऊ नका, ठसका लागतो. पाठीशी उशी ठेवा. नीट बसले की मला मिस कॉल द्या, मग मी घाव घालीन. झालं की मी मिस कॉल देईन, मग त्यांना उठवा.

एवढं माझं ऐका. हसायचं असेल तर नंतर हसा.

तुमची
चांगुणा


देवळाली कॅम्प
१५ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

मीना थांबली आहे, घाईत लिहिते.

तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. पलंग भिंतीपासून ओढला, पंखा बंद केला, दादाच्या पाठीशी दोन, दोन्ही बाजूंनी एकेक अशा उशा लावल्या. मांडीवर घोंगडी टाकली. ऑक्टोबरच्या उकाड्यात दादा घामाने निथळत म्हणतो, "सुले, मला काय झालंय? डॉक्टर काही बोलले का?" मी म्हटलं, गुपचूप बस. तुम्हाला मिस कॉल दिला.

आणि वहिनी, त्याच क्षणी तोफ वाजली. अशी वाजली की त्याच भिंतीवरच्या फळीवरची शेंगदाण्यांची परात सटकली आणि थेट दादाच्या अंगावर आली. मी डोळे मिटून किंचाळले, "दादा गेला!"

दादा म्हणाला, "कुठे?"

डोळे उघडले तर दादा उशांमध्ये तसाच, डोक्यावर शेंगदाणे. परात उशीवर पडली होती. तेवढ्यात तुमचा मिस कॉल आला आणि मी रडायलाच लागले. मग मला राहवलं नाही. डांगर, टोपी, आईचं ते बायकांतलं वाक्य, पलंग, उशा, सगळं सांगून टाकलं. तुम्ही रागवाल, रागवा.

दादाने डोक्यावरचे शेंगदाणे झटकले.  म्हणाला, "म्हणजे तिकडे ती सुरी घेऊन उभी होती, आणि आधी मी नीट बसलोय का ते बघत होती?" मी म्हटलं, हो. मग तो खाली बसून शेंगदाणे वेचायला लागला. सालं खरंच सुटली होती.

तो येईल असं वाटलं होतं, पण पिशवी भरत नाही. मी विचारलं तर म्हणाला, "मी तिला एक काम विचारलंय. उत्तर आलेलं नाही." त्याच्या हट्टापुढे मी हात टेकले.

सुला


सिडको, नाशिक
१६ ऑक्टोबर

अहो,

डांगर चिरलं. तुम्ही धडधाकट आहात हे वन्संकडून कळलं. परातीचंही कळलं.

कसं चिरलं ते सांगते. सुरी धुतली, डांगराला हळदीकुंकू लावलं. तुमच्या आई म्हणायच्या, कर्त्या माणसाने घाव घालायचा. म्हणून सुरी घेऊन मी आधी सगळ्या घरातून फिरून आले, कर्तं माणूस कोण आहे ते बघायला. पुढच्या खोलीत कोणी नव्हतं. मागच्या खोलीत कोणी नव्हतं. गच्चीवरही जाऊन आले. मी एकटीच होते. मग वन्संचा मिस कॉल आला, मी डोळे मिटले, तुमचं नाव घेतलं आणि सुरी घातली. पहिला घाव गजावरच बसला. दुसरा लागला. बाहेर पुंजाराम सर खरोखरच टाळ्या वाजवत होते. बाहेरचा अर्धा भाग खाली पडला तेव्हा मात्र ते ओरडले, "अहो, खंडेराव पडले!" त्यांच्या डोळ्यांचं आता तुम्हीच आल्यावर बघा.

नाही, हे चुकून लिहिलं. ते मीच बघेन. त्यांना दवाखान्यात मी नेईन.

गर आतून केशरी आणि घट्ट निघाला. अर्ध्याचे घारगे केले, राजू आणि आशाला दिले, दत्तूला दिले. बिया गच्चीवर वाळत घातल्यात. खिडकी लागते. धूर जातो. स्वयंपाकघर कसं लख्ख झालंय.

तुम्ही विचारलं होतं, फक्त तुम्हीच करू शकता असं एक काम सांग. मी काही ते टाळत नव्हते, शोधत होते. स्वयंपाकघरात शोधलं, न्हाणीघरात, माळ्यावर, सगळीकडे. दिव्याचं बटण मी बदलते. बरणीचं घट्ट झाकण फडक्यात धरून उघडते. बँकेत जाते, पाण्याची मोटर लावते, पाल दिसली तर झाडूने मीच हाकलते, तुम्ही तर खुर्चीवर चढता. खूप शोधलं, खंडेराव. एकसुद्धा सापडलं नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं कशाला लिहू? शेवटचं एक सुरीचं होतं, तेही काल माझ्या हातून झालं.

त्या दिवशी पंगतीत मी जे बोलले ते मला खरंच वाटत होतं. अजूनही वाटतं. पण ते अर्धंच होतं. लोक हसले, तुम्ही पानावरून उठलात आणि पुढचं माझ्या तोंडात राहिलं. उपयोगाचा तर मिक्सर आहे. तो बिघडला की मी भंगारवाल्याला देते आणि संध्याकाळी विसरते. तुमचं तसं होत नाही. महिना होत आला, दसऱ्याला आपट्याचं पान हातात घेऊन उभी राहिले आणि कुणाला देऊ ते कळेना. मला तुमच्यावाचून करमत नाही. डांगराशी बोलून बघितलं, पण ते उलट बोलत नाही, त्याच्याशी भांडून मजा येत नाही. आणि कालपासून तर तेही नाही.

घरात तुमचं काही काम नाही. या.

तुमची
चांगुणा


देवळाली कॅम्प
१७ ऑक्टोबर, वसुबारस

प्रिय वहिनी,

हे पत्र दादाच्या पिशवीत घालून मीनाकडे देते आहे. पिशवी इथेच राहिली, गोळ्यांची डबीही आतच आहे, तेवढी त्याला आठवणीने द्या.

तुमचं पत्र सकाळी आलं तेव्हा मी गाई-वासराची पूजा करून परत येत होते. दादा फाटकातच उभा राहून वाचत होता. वाचून झालं, चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला आणि पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मला वाटलं, काहीतरी वाईट आहे. मी हातातलं तबक तसंच घेऊन विचारलं, "काय लिहिलंय?" तर पत्र घडी करून खिशात घातलं आणि पायात चपला सरकवायला लागला. एक त्याची होती, एक माझी. ती बदलायला लावली.

तोवर बस कोपऱ्यावर दिसली. मी मागून ओरडले, "अरे दादा, चहा तरी घे! असं एवढं काय काम निघालं तिथे?"

तो धावता धावता म्हणाला, "काहीच नाही! म्हणून तर चाललोय!"

तुमची
सुला